चाकांवरचे घर आणि आजीचा तांब्या

प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे वाक्य आपण शाळेतील निबंधापासून आजवर कितीदा लिहिले असेल! परंतु घरातील निम्मी माणसे प्रवासाला निघतच नसतील, तर हे शहाणपण नेमके कोणाच्या वाट्याला येते, असा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यापर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका मोटारघरामुळे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घरच. झोपायला बाके, छोटा ओटा, फ्रीज आणि शौचालय, सारे एकाच गाडीत. अशा गाड्यांना मुक्कामासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ असावेत, असेही त्या धोरणात आहे. आमच्या वडिलांनी हे कोठेतरी वाचले आणि चालकासह दोन दिवसांसाठी एक गाडी भाड्याने ठरविली. वेरूळ, मग अजिंठा. आमच्या घराची सर्वांनी मिळून केलेली ही पहिलीच सहल.

भाड्याचा आकडा ऐकून आईने कपाळाला हात लावला. "एवढ्या पैशांत एस.टी.ने दहादा जाऊन येऊ," ती म्हणाली. तिचे गणित चुकीचे नव्हते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट. म्हणजे आमच्या शहात्तर वर्षांच्या आजीला छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जायला एक पैसाही लागत नाही. अंतर साधारण शंभर किलोमीटर. जगभरचे लोक जी लेणी पाहण्यासाठी समुद्र ओलांडून येतात, ती आजीने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तिचे गुडघे दुखतात म्हणून, असे आम्ही समजत होतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने आपला पाण्याचा तांब्या धुऊन पालथा घातला. मी कारण विचारले. "अगं, उद्या प्रवास आहे ना? वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं?" प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायचे, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम होता, आणि घरात आम्हां कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. आईला होता, कारण तीही तेच करीत आली होती!

सकाळी गाडी दारात आली. आजीने ना बाके पाहिली, ना ओटा. तिने मागचे छोटे दार उघडले, आतून कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. दौलताबाद मागे पडल्यावर तिने स्वतःहून पाणी मागितले. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात ती तासभर निवांत बसली. "आता घाई नाही," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला मात्र आमचे घर फर्दापूरच्या फाट्यावरच थांबले. खाजगी वाहनांना पुढे जाता येत नाही. शेवटचे चारेक किलोमीटर बसने जावे लागते. बस दिसताच आजीने हातातला पेला तसाच परत केला. जुना नेम पुन्हा सुरू झाला होता.

मोटारघर हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे म्हणून मी मोकळी होणार नाही. त्याने आमच्या आजीला अजिंठा दाखविला, हे मी कसे विसरू? परंतु आम्ही दोन दिवसांसाठी खरोखर काय भाड्याने घेतले? लेणी सर्वांचीच होती, रस्ताही सर्वांचाच. आम्ही भाड्याने घेतले ते एक दार, एक कडी आणि एक नळ. ज्याला परवडेल त्याने ही सोय बरोबर न्यावी आणि ज्याला परवडणार नाही त्याच्या घरातील बायकांनी तहान मारावी, ही व्यवस्था मला मान्य नाही. अर्धे तिकीट देऊन स्त्री बसमध्ये बसते. पण तिला निःशंक मनाने घोटभर पाणी पिता येत नसेल, तर ती सवलत अर्धीच राहते.

आपल्या मराठवाड्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर संसार बांधून कारखान्यांकडे निघतात. त्यांचे घरही चाकांवरच असते. त्याला कडी लावायचे दार मात्र नसते. पुढे कोपीतही ते नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण विसरलो काय?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मोटारघरांसाठी तळ जरूर उभारा. पण तेथील शौचालयाचे दार एस.टी.तून उतरणाऱ्या बाईलाही उघडे असू द्या. आणि मित्रहो, फुलंब्री, कन्नड, पैठणहून रोज बसने येणाऱ्या आपल्या वर्गातील मैत्रिणींना एकदा विचारून पाहा, सकाळी निघताना त्या किती पाणी पितात?

आजीचा तांब्या हल्ली भरलेला असतो. परवा मामांकडे पैठणला जायचे ठरले, तेव्हा मात्र तो पुन्हा पालथा दिसला.