रक्तदाब दोनशे, पण घाई कोणाला?

अपघात विभागातल्या रात्रपाळीत हा प्रसंग ठरलेला. "साहेब, आईचं बीपी दोनशेच्या वर गेलंय, लवकर काहीतरी द्या!" आईच्या छातीत दुखत नसते, धापही लागलेली नसते. गोळ्या संपून चार दिवस झालेले असतात, एवढेच. पण नातेवाइकांना इंजेक्शन किंवा जिभेखालची गोळी हवी असते. पुष्कळदा डॉक्टरही ती देऊन मोकळे होतात. अर्ध्या तासात आकडा उतरतो आणि सगळ्यांनाच हायसे वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांनी नेमके या सवयीवर बोट ठेवले आहे. रक्तदाब १८०/१२० च्या वर, पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना ताजी इजा नाही, या अवस्थेला आजवर 'हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी' म्हणत. 'अर्जन्सी' म्हटले की घाई आलीच. आता तो शब्द बाजूला ठेवून तिला फक्त 'तीव्र उच्च रक्तदाब' म्हटले आहे. उपाय साधा आहे: बंद पडलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करा, गरज असेल तर वाढवा आणि रुग्णाला लवकर परत तपासा.

घाई नको, याचे कारण शरीरातच आहे. वर्षानुवर्षे चढ्या दाबात राहिलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावतात. तो एकदम खाली आणला, तर मेंदूला रक्त कमी पडते आणि पक्षाघात होऊ शकतो. हृदयाचेही तेच. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत याच कारणाने थांबवावी, असे 'जामा' या नियतकालिकाने १९९६ मध्येच छापले होते. पण ही सवय अजून पुरती गेलेली नाही.

खरी आणीबाणी वेगळी असते. छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, झटके, दिसेनासे होणे किंवा भ्रम यांपैकी काही असेल, तर रुग्णाला दाखल करून शिरेतून औषध द्यावेच लागते. तिथेही साधारण नियम असा, की पहिल्या तासात दाब पंचवीस टक्क्यांहून अधिक उतरवायचा नाही. महाधमनी फाटली असेल, तर मात्र वरचा आकडा तासाभरात १२० पर्यंत आणावा लागतो. उलट, रक्ताच्या गुठळीने पक्षाघात झाला असेल आणि गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे नसेल, तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. गरोदर स्त्रीत १६०/११० हाच धोक्याचा आकडा. तो पंधरा मिनिटे टिकला, तर तासाच्या आत उपचार हवेत.

रात्री दोन वाजता, नातेवाइकांच्या गराड्यात, नवख्या वैद्यकीय अधिकाऱ्याने हे सगळे आठवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. जाडजूड मार्गदर्शिका त्या वेळी कोणी उघडत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र सुरुवातीपासून आहे. कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर, याचा सोपा तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचवणे हे या उपक्रमाचे बळ. तसाच एक पानी तक्ता प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर हवा. भिंतीवर लिहिलेले असले, की "इंजेक्शन का नाही दिले?" या प्रश्नाला डॉक्टर निर्धास्तपणे उत्तर देऊ शकतो.

वाचकांनीही एवढे करावे. घरी आकडा मोठा दिसला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावा. वरची लक्षणे असतील, तर थेट १०८ ला फोन करावा. नसतील, तर चुकलेली गोळी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटावे. आणि मुळात गोळ्यांची पट्टी संपण्याआधीच नवी आणावी.