तुलनेचा विवेक

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गात एक लहानशी गोष्ट घडली. वडिलांच्या बदलीमुळे ईशान्य भारतातून या शहरी आलेला एक मुलगा त्या वर्गात नव्यानेच दाखल झाला होता. मधल्या सुटीत काही मुले त्यास 'चिनी' म्हणून हाक मारीत. दुसरी काही, आपण अधिक जाणते आहोत अशा थाटात, "चिनी नव्हे रे, कोरियन!" अशी त्यांची चूक सुधारीत. तो मुलगा हसे. ते हसणे सुखाचे नव्हते, हे ओळखण्यास फार अनुभव लागत नाही. २०२० सालच्या साथीत याच चेहरेपट्टीच्या आपल्या देशबांधवांस अनेक शहरांत काय काय ऐकावे लागले, याची आम्हांस त्या वेळी आठवण झाली.

आम्ही त्याच वेळी रागे भरलो असतो, तर मुले आमच्यासमोर गप्प राहिली असती इतकेच. म्हणून इतिहासाच्या तासास आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. चीन, जपान व कोरिया अशी नावे घातली. आणि या तिन्ही देशांविषयी जे ठाऊक असेल ते सांगा, असे वर्गास म्हटले. पाच मिनिटांत फळा भरला. चिनी लोक स्वस्त वस्तू करतात, जपानी लोक शिस्तीचे असतात, कोरियन लोक गाणी म्हणतात. अशा प्रकारची ती विधाने होती. एकाही विधानात सन नव्हता, माणसाचे नाव नव्हते की गावाचे नव्हते. वाचकहो, आमच्या मते खरा दोष येथे आहे. मुले तुलना करीत नाहीत असे नव्हे. ती अहोरात्र तुलनाच करीत असतात. परंतु जी तुलना इतिहासावाचून होते, ती लौकरच शिक्का बनते. आणि तो शिक्का अखेर शेजारच्या बाकावरील मुलाच्या कपाळी बसतो.

तो फळा आम्ही पुसला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गास युआन श्वांगची हकीकत सांगितली. हा चिनी यात्रेकरू इसवी सन ६४१ च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानीत महाराष्ट्रात आला होता. येथील लोकांविषयी त्याने लिहून ठेविले आहे की, ते उपकार स्मरतात, अपमान विसरत नाहीत, आणि सूड घ्यावयाचा तर शत्रूस आधी सूचना देतात. हे ऐकून वर्गाची छाती फुगली. तेव्हा आम्ही विचारले, "हे तुम्हां सर्वांस लागू आहे काय? तुमच्या आजोबांस? समोरच्या दुकानदारास?" मुले हसू लागली. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तो इथे थोडेच दिवस होता ना?" तिच्या त्या प्रश्नाने अर्धे काम केले. थोडे दिवस राहिलेल्या थोर विद्वानाचे एक वाक्य जर आपणां सर्वांस पुरत नाही, तर कधीच न पाहिलेल्या कोट्यवधी लोकांस आमच्या फळ्यावरील वाक्ये कशी पुरावीत?

परंतु 'शिक्के मारू नका' एवढे सांगून शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही. तुलना टाकावयाची नसून नीट करावयास शिकवावयाची आहे. त्यासाठी आमचा मार्ग असा की, तीन राष्ट्रे एकदम तोलू नयेत. एक वस्तू हाती धरावी, तिचा माग तिन्ही देशांतून काढावा, आणि जेथे फरक दिसेल तेथे 'श्रेष्ठ कोण?' असे न विचारता 'असे का झाले?' असे विचारावे.

या कामी आमच्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जी अनुकूलता आहे ती फार थोड्या शहरांस असेल. लेणी हा विषय घ्या. अजिंठा, वेरूळ आणि शहरालगतच्या डोंगरातील बौद्ध लेणी आमच्या मुलांनी पाहिलेली असतात. कठीण काळ्या पाषाणात वरून खाली कोरीत जाण्याचे ते काम आहे. बुद्धाचा धर्म उत्तरेकडील व्यापारी मार्गांनी चीनमध्ये गेला, तेव्हा लेणी खोदण्याची ही रीतही त्याच्याबरोबर गेली. तुन्हुआंग येथील गुहांचा आरंभ परंपरेने सन ३६६ मध्ये धरतात. परंतु तेथील डोंगर रेतीगोट्यांचा. त्यात रेखीव मूर्ती कोरता येत नाही. म्हणून तेथे मातीच्या मूर्ती घडविल्या आणि भिंती रंगविल्या. कोरियात हा धर्म चौथ्या शतकात पोहोचला. त्या देशी ग्रॅनाइट विपुल असून त्यात खोल गुहा कोरणे अतिशय दुष्कर. म्हणून आठव्या शतकात सोक्कुराम येथे कारागिरांनी ग्रॅनाइटचे घडीव चिरे रचून गुहाच बांधली, वर माती लोटली आणि आत बुद्धमूर्ती बसविली. जपानात हा धर्म सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातील बेक्जे राज्यातून गेला. तेथे लाकडाची समृद्धी असल्याने मंदिरे लाकडाची झाली. होर्युजी मंदिराच्या भिंतींवरील चित्रांचे अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले नाते अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागून ती चित्रे होरपळली. त्या हानीनंतर १९५० साली जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला. भाव एक असता खडक, माती व लाकूड यांनी त्यास तीन रूपे दिली, हे आमच्या मुलांस चटकन उमगते. कारण हातोड्यापुढे काळा पाषाण कसा वागतो हे त्यांनी पाहिलेले असते.

लिपीचा धडा तर याहून जवळचा आहे. या शहरात मराठी व उर्दू पाट्या शेजारी शेजारी लागलेल्या असतात. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, पण भाषा दोन. हिंदी आणि उर्दू यांच्या लिपी दोन, पण बोलणे पुष्कळसे एक. ही गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्यास, जपानी व कोरियन लोकांनी चिनी अक्षरे घेतली म्हणून त्यांच्या भाषा चिनीच्या लेकी ठरत नाहीत, हे समजावण्यास किती वेळ लागावा? जपानने चिनी अक्षरांपासून 'काना' ही अक्षरमाला सिद्ध केली आणि चिनी अक्षरेही ठेविली. त्या अक्षरमालेचा आजचा क्रम अ, इ, उ, ए, ओ व पुढे क, स, त, न असा चालतो. तो आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध पंडितांच्या द्वारे आलेला आहे. कोरियात राजा सेजोंग याने १४४३ साली नवीनच लिपी रचविली व १४४६ साली ती प्रसिद्ध केली. तिच्या मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात व कंठ यांच्या ठेवणीवरून घेतलेले आहेत. आमच्या मुलांनी कंठ्य, तालव्य, दंत्य हे लहानपणीच घोकलेले असते. त्यांस सेजोंग राजा परका वाटत नाही. तथापि दरबारच्या विद्वानांनी या लिपीस विरोध केला आणि १८९४ पर्यंत सरकारी कामकाजात चिनी अक्षरांचेच वर्चस्व राहिले, हेही सांगितले पाहिजे. सामान्यांस वाचावयास येणे सर्वांसच आवडते असे नाही, हा बोध केवळ कोरियापुरता नाही.

तिसरे उदाहरण परीक्षांचे. लेखी परीक्षेने अधिकारी निवडण्याची प्रथा चीनमध्ये तेराशे वर्षे चालली व १९०५ साली बंद झाली. कोरियाने ती ९५८ साली स्वीकारली व १८९४ साली सोडली. जपानने कन्फ्यूशियसचे ग्रंथ घेतले, पण ही परीक्षा तेथे रुजली नाही. तेथे कुळाचा मान व पुढे तलवारीचा मान मोठा ठरला. गुरू एक असता शिष्य वेगळे का निघाले, हा प्रश्न टाकताच वर्गात वाद माजतो. ज्यांची वडील भावंडे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत रात्री जागवीत आहेत, ती मुले या वादात सर्वांत पुढे असतात.

येथवर सर्व गोड झाले. परंतु इतिहासातील कडू भाग झाकून ठेवणारा शिक्षक मुलांस फसवितो. संस्कृतीचे साम्य असले म्हणजे सख्य असतेच असे नाही. याचे प्रमाण म्हणून आम्ही तीन महाराष्ट्रीय माणसांच्या कथा सांगतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण आले. ज्या हिदेयोशीच्या हुकुमाने हे झाले, त्याच्याच फौजा त्या वर्षी दुसऱ्यांदा कोरियावर चालून गेल्या आणि कोरियाच्या साहाय्यास चीनचे सैन्य धावले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, जपानशी चाललेल्या युद्धातील जखमींची शुश्रूषा करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या अमलाखाली होता. पुढे त्याचे दोन तुकडे होऊन युद्ध पेटले. १९५३ साली मायदेशी परतण्यास नाखूष असलेल्या सुमारे २३,००० युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जे भारतीय दल कोरियात गेले, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात हे होते. या कथा ऐकल्यावर मुले 'ते लोक' असे म्हणत नाहीत. 'तेव्हा' आणि 'कोणी' असे म्हणू लागतात. आमच्या मते एवढे साधले तरी इतिहासाचा तास फुकट गेला नाही.

यावर आमचे काही व्यवसायबंधू दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, अभ्यासक्रमच संपत नाही, तेथे हे कधी शिकवावे? आक्षेप खरा आहे. आम्हांस याकरिता वर्षात चारच तास काढता आले, आणि तेही चित्रकला व भूगोल यांच्या शिक्षकांच्या कृपेने. दुसरा असा की, ज्यांस स्वतःचा इतिहास धड ठाऊक नाही त्यांस दूरचा कशास? यास आमचे उत्तर असे की, दूरचा आणि जवळचा ही वाटणीच आमच्या गावी टिकत नाही. वेरुळाच्या वाटेवरील कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जी कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे मूळ चीनमध्ये आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आज कोरियन कंपनीच्या कारखान्यात धागा निघतो. ज्याने कागजीपुरा समजून घेतला त्याने थोडा चीनही समजून घेतला. आणि ज्याने अजिंठ्याचा प्रवास समजून घेतला, त्यास अजिंठा अधिक समजला.

शेवटी आरंभीच्या मुलाविषयी. चौथ्या तासाच्या अखेरीस आम्ही तो जुना फळा वर्गाकडून पुसविला. मुलांनी एकेका विधानापुढे प्रथम प्रश्नचिन्ह घातले व मग ते पुसले. त्याला कोणी पुन्हा 'चिनी' म्हटल्याचे आमच्या कानी आले नाही; पण शिक्षकाच्या कानी सर्वच येते असा आमचा दावा नाही. तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला व हळूच म्हणाला, "सर, या तिन्हींत माझे गाव नाही. त्याचा रकाना कधी काढायचा?"

आम्ही निरुत्तर झालो. चीन, जपान व कोरिया यांच्या राजांची नावे आम्हांस पाठ होती. आपल्याच देशाच्या त्या कोपऱ्याविषयी चार वाक्ये सांगावयाची तर आमचाही फळा त्या मुलांच्या फळ्याहून निराळा भरला नसता. तुलनेचा विवेक शिकवू निघालेल्या आम्हांस आमचे अज्ञान एका चौदा वर्षांच्या मुलाने दाखवून दिले. त्याच्या वडिलांकडून आम्ही दोन पुस्तके मागवून घेतली आहेत व ती वाचीत आहोत. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा फळ्यावर पहिला रकाना त्याच्या गावचा निघेल. आणि तो भरताना आम्ही खडू त्याच्या हाती देऊन स्वतः बाकावर बसणार आहोत.