आधी डॉक्टर, मग यंत्र?

दुर्गम भागात औषधांच्या चुका टाळायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी, असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं. तिथे डॉक्टरची जागा रिकामी, मोबाइलला रेंज नाही, पावसाळ्यात रस्ता तुटतो. आणि तुम्ही एआय कसलं आणताय? वाक्य टाळ्या घेणारं आहे आणि त्यातला कळवळा बहुतेक वेळा खराही असतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तिथे औषधच पोचत नाही. ही समजूत आता जुनी झाली. धडगाव घ्या की भामरागड, क्षयाच्या गोळ्या पोचतात, बीपी-शुगरच्या पोचतात, मलेरियाच्या तर आशाताईंच्या पिशवीत असतात. शिवाय बाजाराच्या गावात ‘मेडिकल’ असतंच. तिथे कित्येकदा भिंतीवरचं प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर उभा दुसराच. एकाच माणसाच्या पोटात तीन दारांनी गोळ्या जातात आणि तिन्हींची बेरीज कुणी करत नाही.

बेरीज न झाल्याने काय घडू शकतं ते पाहा. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृताचा वेग वाढवतं, त्यामुळे ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी शरीरातून लवकर निघून जाते. साखर वाढलेली दिसते, म्हणून कुणीतरी डोस वाढवतो. सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो, रजिस्टरात ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडतो. मधुमेहाचा वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहतो. दोनेक आठवड्यांत यकृत मूळ चालीवर येतं, साखर झपाट्याने उतरते आणि बाई निंदणी करता करता शेतात कोसळते. घरचे म्हणतात, उपाशी होती, चक्कर आली. क्षयाचा कर्मचारी चुकलेला नसतो, डोस वाढवणाराही त्या दिवशी चुकलेला नसतो. दोन रजिस्टरं एकमेकांना भेटलेली नसतात, एवढंच.

मोठ्या शहरी रुग्णालयात ही भेट घालून द्यायला क्लिनिकल फार्मासिस्ट असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी एकटा. खिडकीपुढे रांग, एकीकडे पट्ट्या कापायच्या, दुसरीकडे साठ्याची नोंद करायची. प्रत्येक केसपेपरमागचा जुना इतिहास त्याने आठवावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. सगळ्या नोंदी एकत्र वाचून ‘ही चिठ्ठी पुन्हा पाहा’ एवढं सांगणारं यंत्र त्याला हवं. ‘आधी डॉक्टर, मग यंत्र’ म्हणणारे गरिबाला जी वाट पाहायला लावतात, ती ते स्वतःच्या आईला पाहायला लावणार नाहीत.

प्रत्येक ठिकाणी एआय घुसवायचं, असा मात्र याचा अर्थ नाही. फॅल्सिपॅरम मलेरियासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने वयानुसार रंगीत पाकिटं केली: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ ला हिरवं, ९ ते १४ ला लाल, त्यापुढे पांढरं. ना वीज लागते, ना नेटवर्क. रंगाने भागतं तिथे कुणी संगणक विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. पण रंगाला फक्त वय कळतं. क्षयाच्या एकत्रित गोळ्या वजनावर ठरतात: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन. उपचाराने वजन वाढून रुग्ण पुढच्या गटात गेला, हे पाकीट सांगत नाही. प्रायमाक्विन गर्भवतीला चालत नाही आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी फोडतं, हेही सांगत नाही. (केसपेपरवर वजनच लिहिलेलं नसेल तर मात्र यंत्रही आंधळंच. एआयच्या आधी चालू वजनकाटा घ्या.)

‘आधी डॉक्टर’ याहून अभ्यासू आक्षेप अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. तिथल्या बालरुग्णालयात संगणकावरून औषधं नोंदवण्याची पद्धत आली आणि इतर रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेला, असं २००५ च्या अभ्यासात आढळलं. ते एआय नव्हतं, तरी धडा लागू आहे. मूल दारात येऊन नोंद होईपर्यंत औषध मागवताच येत नव्हतं, अशी ती व्यवस्था होती. पण तेच सॉफ्टवेअर सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात बसवलं, तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. ते निष्कर्ष २००६ चे. पिट्सबर्ग सांगणारे सिअ‍ॅटलपाशी येऊन गप्प का होतात?

माझं खरं भांडण एआयच्या विरोधकांपेक्षा त्याच्या भक्तांशी आहे. त्यांना या यंत्रात एक वाचलेलं पद दिसतं: खिडकीत टॅबलेट ठेवा, औषधनिर्माण अधिकाऱ्याची भरती थांबवा. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रेच्या फार्मासिस्ट बहिणीने आणि संगणकतज्ज्ञ भावाने ‘नोहार्म’ ही प्रणाली उभी केली. ती शंकास्पद चिठ्ठ्या वर काढते, निर्णय फार्मासिस्ट घेतो. माणूस काढला तर तिला सांगायला कुणी उरतच नाही. शिवाय इशाऱ्यांचा मारा झाला की माणूस न वाचताच बटण दाबतो. असे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले जातात, असं २००६ चा एक आढावा सांगतो. म्हणून दिवसाला मोजकेच, जिवावर बेतणारे इशारे हवेत आणि तेही नेटवर्क नसताना चालणारे.

राहिला प्रश्न, यंत्र चुकलं तर जबाबदार कोण? आज चूक झाली तर कोण असतो? बहुतेकदा चूक झाल्याचीच नोंद नसते. इशारा कधी आला, वैद्यकीय अधिकाऱ्याने तो का नाकारला, हे प्रत्येक वेळी टिपलं जावं. खिडकीतल्या माणसाला वाचवणारा तोच कागद. आणि निसटलेल्या धोक्याची जबाबदारी पुरवठादाराने घ्यावी, हे कलम निविदेतच असावं. ते नको म्हणणाऱ्या कंपनीचं पाकीट उघडूच नये.