ठोकळ्यावर येण्याआधी

कापलेल्या जनावराचा प्रत्येक भाग खाण्याजोगा नसतो. काही अवयवांत जंतू, कृमी किंवा बिघडलेली प्रथिने साठण्याचा धोका इतर भागांपेक्षा जास्त असतो, आणि ते मांसात मिसळण्याआधी वेगळे काढून नष्ट करावे लागतात. त्यासाठीचे नियम दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात पशुवैद्य जनावर तपासतो आणि दोष आढळला तर तो अवयव किंवा सबंध धड बाद करतो. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांच्या साक्षीला किंमत नसते. ठरावीक वयापुढच्या प्रत्येक जनावराचे ठरावीक अवयव, वरून कितीही धडधाकट दिसोत, काढून टाकावेच लागतात. भारताचा देशांतर्गत कायदा पहिल्या प्रकारावर उभा आहे. युरोप-अमेरिकेने पहिला ठेवून त्यावर दुसरा चढवला. लखनौ शहरात मात्र खाणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पहिल्याच प्रकारचा आहे, कारण तपासणी होण्यासाठी आधी तपासणीची जागा लागते.

पहिल्या प्रकारची सुरुवात जनावर जिवंत असताना होते. केंद्राच्या २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांनुसार जनावराला कापण्यापूर्वी २४ तास विश्रांती द्यायची असते. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लाची आई कापता येत नाही. पशुवैद्याचा दाखला नसेल तर कोणतेच जनावर कापता येत नाही. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासू नयेत, असे हेच नियम सांगतात. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. चाल, श्वास, ताप, नाकातोंडाचा स्राव, कातडीवरच्या गाठी एवढे पाहायला ही पाच मिनिटे पुरतात, पण ती खरोखर मिळाली तर. दिवसाला ९६० जनावरे कापणाऱ्या ठिकाणी दहा पशुवैद्य हवेत, हा हिशेब कोणालाही मांडता येतो. तो नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात फार क्वचित दिसतो.

या पाच मिनिटांत फाशी म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय आला, तर ते जनावर कापायचेच नसते. मेलेल्या जनावराच्या नाकातून, गुदद्वारातून न गोठलेले काळसर रक्त येत असेल, तर धड उघडायलाही मनाई असते. शरीरातल्या जंतूला हवा लागली की तो बीजाणू धरतो आणि ते बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. इथे धोकादायक भाग म्हणजे सबंध जनावर. उशिरा मारलेली सुरी तपासणीचे काम तर करत नाहीच, उलट रोगाला वाट करून देते.

कापल्यानंतरची तपासणी हे कसबाचे काम आहे. पशुवैद्य डोक्यापासून सुरुवात करतो. गालाचे जाड स्नायू आडवे छेदून त्यांत कृमींच्या पिशव्या आहेत का पाहतो, जीभ चाचपतो, घशामागच्या लसिकाग्रंथी चिरतो. फुप्फुसे दाबून पाहतो, श्वासनलिकेजवळच्या आणि दोन फुप्फुसांमधल्या गाठी कापतो. क्षयाची लागण असेल तर त्या गाठींत पनीरासारखा भुरभुरीत, कधी खडबडीत झालेला पदार्थ सापडतो, आणि आजूबाजूचे मांस पाहून काहीही कळत नाही. काळजाच्या, म्हणजे खाटकाच्या भाषेतल्या कलेजीच्या, पित्तनलिकांवर छेद घेतला की यकृतातले चपटे कृमी बाहेर येतात. तिल्ली फुगलेली असेल तर पुन्हा फाशीची शंका घ्यायची. हृदय उभे चिरायचे, आतड्यांच्या पडद्यातल्या गाठींची रांग पाहायची, गुर्दे सालातून मोकळे करायचे. एका जनावराची सुरी दुसऱ्याला लावण्याआधी ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवायची. ही शेवटची पायरी वगळली तर रोगट गाठ चिरणारी सुरीच पुढच्या निरोगी धडाला रोग लावते. घाईच्या ठिकाणी पहिली गळते ती नेमकी हीच पायरी.

लखनौ जिल्ह्यात या तपासणीचे मोल डुकरांच्या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट दिसते. शहराच्या दक्षिणेकडच्या मोहनलालगंज भागातल्या डुक्करपालक वस्तीत संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाहणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १८.६ टक्के लोकांच्या पोटात पट्टकृमी म्हणजे टेपवर्म आढळले, जवळजवळ पाचातल्या एकाच्या. या कृमीचे बाल्य डुकराच्या स्नायूंत जाते. भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पिशव्या मांसात, जिभेत, हृदयात आणि मेंदूत बसतात. त्या असलेले मांस अर्धवट शिजवून खाल्ले की माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली की पिशव्या माणसाच्या मेंदूत तयार होतात. मग फिट येतात. म्हणून डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या घरातल्या मुलालाही हा मेंदूविकार होतो, आणि उत्तर भारतातल्या अपस्माराच्या मोठ्या कारणांत तो मोडतो. डुक्कर कापताना जीभ आणि गालाचे स्नायू पाहणारा एक प्रशिक्षित माणूस उभा असेल, तर ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. डुकरांची कत्तल मात्र बहुतेक वस्तीतच, उघड्यावर होते, आणि तपासणीच्या कक्षेत सगळ्यांत शेवटी येते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम पूर्ण उलटा आहे.

दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा जन्म ब्रिटनमध्ये झाला. तिथे १९८६ मध्ये गायींचा एक नवा मेंदूविकार ओळखला गेला. गाय अडखळते, बिथरते, शेवटी उठू शकत नाही. मेंदूचा छेद स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो. बिघडलेल्या घडीचे प्रथिन म्हणजे प्रिऑन हे त्याचे कारण. प्रिऑनच्या शोधासाठी स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ चे नोबेल मिळाले. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी रवंथ करणाऱ्या जनावरांना खाऊ घातल्यामुळे रोग पसरला होता. ब्रिटनने १९८८ मध्ये ते खाद्य बंद केले. नोव्हेंबर १९८९ मध्ये मेंदू, मेरुरज्जू, तिल्ली, थायमस, टॉन्सिल आणि आतडी माणसाच्या खाण्यातून काढली. तरी २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले की माणसांतल्या नव्या मेंदूविकाराचा या गायींशी संबंध असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली.

प्रिऑनपुढे स्वयंपाकघर हतबल ठरते. उकळणे, भाजणे, गोठवणे यांपैकी कशानेही तो मरत नाही, कारण मुळात तो जिवंतच नसतो. त्याला रोखायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे तो ज्या ऊतींत साठतो त्या ताटापर्यंत येऊ न देणे. म्हणून युरोपीय संघाच्या २००१ च्या नियमावलीत वयाच्या अटी आल्या. आजच्या रूपात १२ महिन्यांवरच्या गोवर्गीय जनावराची मेंदू-डोळ्यांसह कवटी आणि मेरुरज्जू बाद होतो, ३० महिन्यांवरच्या जनावराचा पाठीचा कणाही बाद होतो, आणि टॉन्सिल व लहान आतड्याचा शेवटचा चार मीटर भाग कोणत्याही वयात बाद होतो. ज्या देशांत धोका नगण्य ठरला, त्यांना यातली काही सूट मिळते. जनावर भुलवताना मेंदूत सळई फिरवण्याची जुनी रीत बंद झाली, कारण तिने मेंदूचे कण रक्तात उतरतात. काढलेल्या भागांवर रंग ओततात, म्हणजे ते चुकूनही पुन्हा मांसात मिसळत नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायीला डिसेंबर २००३ मध्ये हा रोग निघाल्यावर अमेरिकेने ३० महिन्यांची रेघ ओढली. तिथे कागदपत्र नसेल तर वय दातांवरून ठरते, तिसरा कायमचा दात फुटला की जनावर ३० महिन्यांवरचे. बैलबाजारात आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला असे बोलत सौदा करणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. दोन दाती जनावर चार दाती व्हायला लागले की त्याचा मेंदू आणि कणा खाण्यातून गेला.

भारतात गायींचा हा मेंदूविकार आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला नगण्य धोक्याचा दर्जा दिला. इथली म्हैस वैरण, कडबा आणि पेंडीवर वाढते, हे त्यामागचे मोठे कारण. त्यामुळे लखनौच्या चौकात किंवा मुंबईच्या भेंडीबाजारात तव्यावर भेजा परतला जातो तेव्हा कोणताही नियम मोडत नाही, आणि त्याबद्दल घबराट पसरवण्याचे कारणही नाही. फक्त हा दर्जा कायमचा दागिना नाही. खाद्यात रवंथ करणाऱ्या जनावरांची भुकटी शिरू न देणे आणि लडखडणाऱ्या म्हाताऱ्या जनावरांचे मेंदू प्रयोगशाळेत तपासत राहणे, या दोन गोष्टींवर तो टिकतो. ही दक्षता महत्त्वाची, कारण इथे खाटकाकडे जाणारी म्हैस बहुधा दुभती वर्षे संपलेली, म्हणजे वयस्कच असते.

ऊती काढून टाकण्याची सगळ्यांत काटेकोर शिस्त भारतात एका वेगळ्याच कारणाने पाळली जाते. लखनौहून साठेक किलोमीटरवर, कानपूरच्या वाटेवरच्या उन्नावमध्ये म्हशीच्या मांसाची निर्यात करणारे कारखाने आहेत. भारतातून म्हशीचे मांस हाडासकट निर्यात करता येत नाही. ते हाडविरहित लागते, प्रमुख लसिकाग्रंथी काढलेले लागते, आणि अपेडाकडे, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्नाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या कारखान्यातूनच यावे लागते. यामागचा रोग लाळ्या-खुरकूत. कापल्यानंतर धड दोन अंशांहून अधिक तापमानात किमान २४ तास टांगले की स्नायूंत आम्ल तयार होते. पाठीच्या लांब स्नायूत सामू ६ च्या खाली उतरला की तिथला विषाणू मरतो. गाठींत आणि हाडांच्या मगजात हे आम्ल तयार होत नाही, तिथे विषाणू तग धरतो. म्हणून गाठी आणि हाडे काढायची. लाळ्या-खुरकुताने माणसाचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. हा सारा खटाटोप खरेदीदार देशाच्या गुराढोरांसाठी आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण क्षयाचे जंतूही त्याच गाठींत लपतात. परदेशी ताटात जाणाऱ्या मांसातून त्या निघतात आणि साठ किलोमीटरवरच्या लखनौकराच्या ताटात त्या निघाल्याची हमी कोणी देत नाही. कायद्याने दोन्ही खाणाऱ्यांचे पोट सारखेच मानायला हवे.

देशांतर्गत मांसाला अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आणि त्याखालचे २०११ चे परवाना विनियम लागू आहेत. दिवसाला दोन मोठी किंवा दहा लहान जनावरे कापणाऱ्याला नोंदणी पुरते. ५० मोठ्या किंवा १५० लहान जनावरांपर्यंत राज्याचा परवाना लागतो, त्यापुढे केंद्राचा. दुकान आणि कत्तलखाना यांत फरक आहे. दुकानात विकायचे मांस तपासणी झालेल्या कत्तलखान्यातून यायला हवे. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात सरकार बदलले आणि बेकायदा कत्तलखान्यांना टाळे ठोकले गेले, तेव्हा या फरकाचे खरे रूप दिसले. लखनौच्या टुंडे कबाबीसारख्या शंभर वर्षांहून जुन्या दुकानाला मांसाअभावी म्हशीचे कबाब थांबवून कोंबडी आणि बकऱ्यावर भागवावे लागले. बेकायदा जागा बंद करणे आरोग्याच्या दृष्टीने समर्थनीयच होते. पण पर्यायी कायदेशीर जागा कुठे होती? अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ३ एप्रिल २०१७ च्या आदेशात नेमके इथे बोट ठेवले. खाण्याची सवय जगण्याच्या हक्काशी जोडलेली आहे, आणि शासनाने आजवर सोयी केल्या नाहीत हे आता जवळजवळ बंदी घालण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी मे महिन्यात परवाने देण्याचे आणि जुन्यांचे नूतनीकरण करण्याचे निर्देश आले.

न्यायालयात मुद्दा उपजीविकेचा आणि आहाराचा होता. मांसतपासणीच्या दृष्टीनेही उत्तर तेच येते. पशुवैद्य उभा राहू शकेल, धड टांगता येईल, गरम पाणी मिळेल अशी जागा नसेल, तर बाद करण्याचा नियम कागदावरच राहतो आणि कत्तल घरामागच्या अंगणात सरकते. तिथे कोणी गाठ चिरून पाहत नाही. मुंबई महापालिकेने देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू केला. त्याच्या उणिवांवर बरेच बोलले गेले आहे, पण मोठ्या शहराने तपासणी एका छताखाली आणायची असते हे तत्त्व त्यात आहे. लखनौसारख्या पसरलेल्या शहराला शहराबाहेरच्या एका मोठ्या कत्तलखान्यापेक्षा बकऱ्यांसाठी तीन-चार लहान, पालिकेच्या पशुवैद्यासह चालणारे कत्तलखाने आणि डुकरांसाठी एक स्वतंत्र जागा जास्त उपयोगी पडेल, कारण लहान खाटीक मोठे भाडे देऊन लांब जाणार नाही.

शेवटची पायरी विल्हेवाटीची. बाद केलेला अवयव उकिरड्यावर गेला तर तपासणीचा अर्धा फायदा वाया जातो. बकरा-मेंढीच्या काळजात आणि फुप्फुसात हायडॅटिड कृमीच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या सापडतात. ते अवयव माणसाने खाऊन रोग होत नाही. ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि अंगणात कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलाच्या काळजात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते. मोठ्या कारखान्यात अशा अवयवांना बंद भट्टी किंवा दाबाखाली शिजवणारे यंत्र असते. युरोपने प्राण्यांच्या उरलेल्या अवशेषांसाठी १३३ अंश, ३ बार दाब आणि २० मिनिटे अशी अट घातली आहे. दोन मोठ्या किंवा दहा लहान जनावरांच्या नोंदणीवर चालणाऱ्या माणसाकडे यातले काही नसते. त्याला लागतो कुलूप लावता येईल असा झाकणाचा डबा, बाद माल ओळखू यावा म्हणून एक बाटली रंग, पालिकेची रोज ठरल्या वेळी येणारी गाडी, आणि ती येत नसेल तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल, चुन्याने झाकलेला खड्डा.