गुग्गुळाचे गुणगान आणि गुग्गुळाचे झाड

नवरात्रात देवघरातून गुग्गुळाचा धूप दरवळतो. गुडघे आखडले की वैद्य योगराज किंवा सिंहनाद गुग्गुळ देतात. गुग्गुळ आपल्या घरोघरी असा नांदत आला आहे. परंतु ज्या झुडपाच्या जखमेतून हा निर्यास पाझरतो, ते झुडूप आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

कच्छ आणि राजस्थानच्या रुक्ष, खडकाळ भूमीत हे काटेरी झुडूप अतिशय मंद गतीने वाढते. आपल्या पूर्वसूरींनी त्याच्या निर्यासाचा किती बारकाईने अभ्यास केला होता! भावप्रकाशाने महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे त्याचे पाच प्रकार सांगितले. नवा गुग्गुळ बृंहण, म्हणजे शरीर पुष्ट करणारा, तर जुना लेखन, म्हणजे मेद खरवडणारा, हा भेदही नोंदवला. त्रिफळेच्या काढ्यात वा गोदुग्धात शोधन केल्याशिवाय तो पोटात देऊ नये, असा दंडक घातला.

सुश्रुतांनी मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्याच सूत्राचा धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कोलेस्टेरॉलवरील 'गुगुलिपिड' हे औषध विकसित केले. ग्रंथातील वचन प्रयोगशाळेत नेण्याचे हे उदाहरण अभिमानास्पदच आहे.

मात्र अभिमान डोळस हवा. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने अपायकारक कोलेस्टेरॉल घटले नाही, उलट किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. हा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही आणि त्यावरून सारे आयुर्वेदशास्त्र मोडीत काढण्याचेही कारण नाही. ती चाचणी एका अर्काची, एका विकारापुरती होती. शोधन केलेल्या गुग्गुळकल्पांची तितकीच काटेकोर परीक्षा करणे हे आपले काम आहे. ते परक्यांनी करावे आणि आपण केवळ रुष्ट व्हावे, हे शोभणारे नाही.

त्याहून गंभीर प्रश्न झाडाचा आहे. अधिक निर्यास मिळावा या लोभाने खोल घाव घातले जातात, त्यांत उत्तेजक द्रव्ये भरली जातात. निर्यास एकदाच भरपूर मिळतो आणि झाड वाळून जाते. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या सूचीत गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' वर्गात आहे. मालाच्या टंचाईमुळे सालईच्या डिंकाची भेसळ होते आणि वैद्याचे निदान अचूक असूनही रुग्णाला गुण येत नाही.

उपाय अशक्य नाहीत. फांद्यांच्या कलमांपासून गुग्गुळाची लागवड होते. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आहे. परंतु पीक हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत असतील, तर खरेदीची हमी असल्याशिवाय कोरडवाहू शेतकरी ते का लावील? गुग्गुळकल्प विकून नफा मिळवणाऱ्या औषधनिर्मात्यांनी ही हमी द्यावी, आणि वनवासी संग्राहकांना झाड न मारता चीक काढण्याचे शिक्षण द्यावे.

औषधी वनस्पती तोडण्यापूर्वी तिची प्रार्थना करावी, असा आपल्याकडे संकेत होता. त्या प्रार्थनेतील संयम विसरलो, तर धूपपात्रात उद्या केवळ निखारे उरतील.