हे साहस कोणाच्या जिवावर?

२०२५ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस चोवीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण हवा भरलेल्या छोट्या नावेला मोटार जोडून दक्षिण अंदमानच्या किनाऱ्यावरून एकटाच निघाला आणि उत्तर सेंटिनेल बेटापर्यंत जाऊन पोहोचला. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार त्याने किनाऱ्यापासून काही अंतरावर थांबून बराच वेळ शिट्टी वाजवली. कोणी येत नाही असे पाहून तो पाचएक मिनिटे वाळूवर उतरला, तेथे एक नारळ व शीतपेयाचा डबा ठेवला, वाळूचे नमुने घेतले, चित्रण केले आणि परत फिरला. ३१ मार्च रोजी त्याला अटक झाली. त्यानंतर जगभर जी चर्चा झाली तिच्यात एक सूर कौतुकाचाही होता. मृत्यूच्या दारात एकट्याने जाऊन येणारा धाडसी वीर, अशी त्याची प्रतिमा काही जणांनी रंगवली. हा सूर तपासून पाहण्याची आवश्यकता आहे.

उत्तर सेंटिनेल हे सुमारे साठ चौरस किलोमीटरचे, प्रवाळखडकांनी वेढलेले, घनदाट अरण्याचे बेट. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ज्या पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम् असे नामकरण झाले, त्या शहरापासून ते पश्चिमेस अवघ्या पन्नासएक किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे पंधरा माणसांची नोंद झाली, पण ती दुरून, नावेतून केलेली मोजणी. प्रत्यक्षात तेथे किती लोक राहतात, ते आपल्या भाषेत स्वतःला काय म्हणवतात, हे बाहेरच्या कोणालाही ठाऊक नाही. ‘सेंटिनेली’ हे नाव आपण दिलेले.

हे लोक हिंसक आहेत, असा त्यांचा लौकिक. तो कसा झाला हे पाहिले की चित्र बदलते. १८८० साली पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी सशस्त्र तुकडी घेऊन त्या बेटावर उतरला. लोक अरण्यात पळून गेले. सापडले ते एक वृद्ध जोडपे आणि चार मुले. त्यांना त्याने पोर्ट ब्लेअरला आणले. थोड्याच दिवसांत सारी आजारी पडली व ते वृद्ध स्त्री-पुरुष मरण पावले. मुलांना भेटवस्तूंसह परत बेटावर सोडण्यात आले. त्या मुलांनी आपल्याबरोबर कोणते रोग नेले, याचा हिशोब कोण ठेवणार? त्यानंतर परक्या नावेवर बाण सुटत असतील तर त्याला रानटीपणा म्हणावे की अनुभवाचे शहाणपण?

अंदमानातील अन्य जमातींचा इतिहास याहून बोलका आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी १८५८ मध्ये तेथे बंदिवसाहत स्थापन केली. दूधनाथ तिवारी हा त्या समरातील एक बंदी पळाला आणि अंदमानी लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याला मारले नाही. आपल्यात सामावून घेतले, त्याचे लग्नही लावून दिले. वर्षभर तो त्यांच्यात राहिला. १८५९ च्या मे महिन्यात ते लोक इंग्रजांच्या छावणीवर चालून जाणार असे कळताच तो निसटला आणि इंग्रजांना आधी खबर देऊन आला. तीरकमठ्यांची गाठ बंदुकांशी पडली. तिवारीला माफी मिळाली. एकट्या पाहुण्याला घरात घेतल्याचे हे फळ! पुढे गोवर, उपदंश यांनी उरलेले काम केले. तेव्हा काही हजारांच्या घरात असलेले ग्रेट अंदमानी आज जेमतेम पन्नास-साठ उरले आहेत. २०१० साली बोआ सीनियर ही वृद्धा निवर्तली आणि तिच्याबरोबर ‘बो’ ही भाषाही.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन ॲलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण याच बेटावर मारला गेला. तो केवळ भटक्या नव्हता. बेटवासीयांना ख्रिस्ती करावे या हेतूने त्याने दीर्घकाळ तयारी केली होती. मच्छीमारांना पैसे देऊन तो रात्री बेटाजवळ गेला, बाण सुटूनही पुन्हा गेला. एका तरुणाचा असा अंत व्हावा ही दुःखाची गोष्ट, त्याविषयी उपरोध नको. परंतु त्याचा हेतू बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. पवित्र ग्रंथ घेऊन जाणारा आणि कॅमेरा घेऊन जाणारा, दोघांच्याही श्वासातले जंतू सारखेच. आपल्याला शिंका आणणारा सर्दीताप त्या शरीरांना सर्वस्वी अपरिचित आहे. जाणाऱ्याने पणाला लावलेला जीव एक, तर दुसऱ्या बाजूस एक अखंड समाज.

आपल्यातील काही जणांच्या मनात येथे एक शंका येईल. वनवासी बांधवांना शिक्षण, औषधोपचार पोहोचवण्याचे कार्य आपणच गौरवतो ना, मग सेंटिनेलींनाच का वगळावे? उत्तर असे की सेवा ही मागणाऱ्याच्या दारात जाते. १९९१ च्या जानेवारीत मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या चमूच्या हातून त्या लोकांनी नारळ स्वीकारले, हे खरे. पण त्यांनी कोणाला मुक्कामाला बोलावले नाही. भारत सरकारने १९९० च्या दशकातच अशा मोहिमा थांबवल्या आणि दुरून लक्ष ठेवावे, स्पर्श करू नये, हे धोरण स्वीकारले. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीस गेलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवर एका बेटवासीयाने बाण रोखला. म्हणजे ते जिवंत होते, आपल्या मदतीवाचून.

मात्र शासनाचेही सारे बरोबर आहे असे नाही. २०१८ सालीच एकोणतीस बेटांसाठी परदेशी पर्यटकांवरील विशेष परवान्याची अट शिथिल झाली आणि त्या यादीत उत्तर सेंटिनेलचे नाव होते! १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम लागू आहेच, हा खुलासा नंतर आला. पर्यटनवृद्धीच्या यादीत हे नाव मुळात आले कसे?

आणि आपण? सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होऊन निघालेल्या आपल्याच सहली दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जातात. वाट जारवांच्या अरण्यातून. त्यांच्यात १९९९ मध्ये गोवराची साथ पसरली होती. हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला, तरी तो चालू राहिला. पर्यटकांपुढे नाचायला लावलेल्या जारवा स्त्रियांचे चित्रण २०१२ मध्ये जगाने पाहिले. खिडकीतून “दिसला का एखादा?” असे मुलांना विचारणारे पालक त्या अमेरिकन तरुणाहून वेगळे ते किती? बाराटांगला आता समुद्रमार्गेही जाता येते. वेळ अधिक लागतो, लाटांचा त्रास होतो. पुढच्या सहलीची आखणी करणाऱ्यांनी हाच मार्ग मागून घ्यावा.