खारट मुका आणि न झालेली चाचणी

बाळाचा मुका घेतला की ओठाला खारट लागते, असे एखादी आई दवाखान्यात सांगते तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये, असे आमचे मत आहे. घाम सगळ्यांचाच खारट असतो. पण मुलाचा खोकला हटत नाही, पोटभर खाऊनही अंग धरत नाही, शौच तेलकट होते आणि घाम वाळला की कातडीवर मीठ दिसते, तर तो सिस्टिक फायब्रोसिस असू शकतो. आपल्या वस्तीत अशा खोकल्याला पहिले नाव टीबीचे, दुसरे कुपोषणाचे. दोन्ही संशय घ्यायलाच हवेत. थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधाने उतार नाही, तरीही तिसरा प्रश्न विचारला जात नाही, हे आम्हाला खटकते.

आपल्या पेशींच्या आवरणावर क्लोराइडला, म्हणजे मिठातल्या एका घटकाला, ये-जा करू देणारी दारे असतात. त्यांतले एक दार म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन. ते बिघडले की फुफ्फुसातला कफ चिकट होतो आणि घामात मीठ उरते. या प्रथिनाचे जनुक 1989 साली सापडले. पण दार नेमके कुठे अडते? ते दाखवले प्रतिपिंडांनी. अंगात जंतू शिरला की शरीर प्रतिपिंडे तयार करते, हे आपण लसीच्या वेळी ऐकलेले असते. प्रयोगशाळेत एकच प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात. त्यांना चमकणारा रंग जोडला की ते प्रथिन पेशीत कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. 1990 साली कळले की या आजारातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात दार तयार होते, पण पेशीच्या आतच अडकते, आवरणापर्यंत पोचत नाही. त्याला तिथवर नेणारी औषधे पुढे निघाली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने अशी प्रतिपिंडे इतर संशोधकांना वाटली. ज्ञान असे वाटले गेले; आणि 2019 साली तिथे मंजूर झालेल्या तीन औषधांच्या उपचाराची किंमत मात्र वर्षाला 3 लाख डॉलरच्या वर ठेवली गेली. हे आम्हाला मान्य नाही.

औषध महाग म्हणून निदानही टाळायचे का? कफ मोकळा करण्याचे व्यायाम, जंतुनाशके, पचनाची औषधे, जास्तीचे मीठ आणि सकस आहार यांनीही मुलाला बळ मिळते. निदानासाठी प्रतिपिंडे लागत नाहीत. त्या नावाखाली कोणी महागडी तपासणी सांगितली तर आधी घामाची चाचणी मागा. दंडावर औषध लावून हलका विद्युतप्रवाह देतात, घाम गोळा करतात आणि त्यातले क्लोराइड मोजतात. सुई नाही. लिटरला 60 मिलिमोल किंवा जास्त आले तर आजाराची शक्यता मोठी. ही सोय सगळीकडे नाही. मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात विचारावे. टीबीची औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू नयेत.

आणि सुनेला बोल लावणाऱ्या घरांना एक सांगणे: हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आल्याशिवाय मुलाला हा आजार होत नाही.